सवलतीतला एसएसडी आणि लग्नाचा अल्बम

बरगे कॉम्प्युटर्समध्ये सात वर्षांपूर्वी बनलेला एक एसएसडी चाळीस टक्के सवलतीत मिळत होता, कारण त्यात ठेवलेली कुठलीही गोष्ट सात वर्षांपूर्वी होती तशी व्हायची.

"दोष काही नाही," बरगे म्हणाले. "संगणकात बसवा, माहिती साठवा. वेग उत्तम, जागा भरपूर, खोकं फोडलेलंसुद्धा नाही. फक्त जुना आहे. जुन्या मालाचं असंच असतं."

त्यांनी स्वतःचा कालचा फोटो त्यात टाकून उघडून दाखवला. फोटोत टक्कल नव्हतं आणि मिशी होती. बरगे त्या मिशीकडे बराच वेळ बघत राहिले. खुद्द बरग्यांचं टक्कल जागच्या जागी होतं, त्याची मी खात्री करून घेतली.

"जुन्या गोष्टी ठेवा, नव्या ठेवू नका," ते म्हणाले. "आणि दहा दिवसांत परत आणलात तर आत ठेवलेलं सगळं होतं तसं होईल. दहाव्या दिवशी संध्याकाळी सहाला मुदत संपते. त्यानंतर माझ्याकडे येऊन रडायचं नाही."

मी सातारला घरांचे नकाशे काढून देतो. माझा संगणक सुरू होईपर्यंत चहा पिऊन कप विसळून होतो. नव्या एसएसडीचा भाव ऐकून मी दोनदा दुकानाबाहेर पडलो होतो. शिवाय सवलत म्हटलं की माझं भान सुटतं, असं केतकी गेली पाच वर्षं सांगत आली आहे. केतकी माझी बायको. त्या दिवसापर्यंत होती.

घरी येऊन मी एसएसडी बसवला आणि त्यात काय ठेवावं याचा विचार करू लागलो. नकाशे ठेवणं शक्य नव्हतं. एका तीन मजली इमारतीचा नकाशा टाकून पाहिला तर बाभळींनी भरलेला मोकळा प्लॉट आला, कोपऱ्यात एक म्हैसही होती. तेव्हा असं काहीतरी हवं होतं, की जे खूप जागा अडवतं आणि कुणी उघडत नाही. अशा वेळी लग्नाचा अल्बम नजरेस पडला. मी तो हलवला. त्याच फोल्डरमध्ये विवाह नोंदणीच्या प्रमाणपत्राचं स्कॅन होतं, तेही सोबत गेलं. संगणक चौदा सेकंदांत सुरू झाला आणि मी हुरळून गेलो.

आमच्या लग्नाला पाच वर्षं झाली होती. सातातून पाच गेले दोन, हे माझ्या डोक्यात आलं नाही. केतकीच्या आलं.

संध्याकाळी तिनं अल्बम उघडला. फोटो सगळे होते, पण लग्न नव्हतं. मंगल कार्यालयाच्या जागी पत्र्याची शेड होती. केतकी मैत्रिणींबरोबर पाणीपुरी खात होती. मी स्कूटरवर एकटाच बसलो होतो. आम्ही दोघं एकाही फोटोत एकत्र नव्हतो. प्रमाणपत्राच्या जागी कोरा कागद होता.

"हलवायला हेच सापडलं तुला?"

"सगळ्यात मोठं तेच होतं. आणि लग्नाचा अल्बम कोण बघतं?"

"मी बघते," केतकी म्हणाली. "तू बाहेर गेलास की बघते."

मी अल्बम बंद केला.

दुसऱ्या दिवशी आम्ही विवाह नोंदणी कार्यालयात गेलो. तिथल्या बाईंनी संगणकात पाहिलं आणि सांगितलं, "तुमचं लग्न अजून दोन वर्षांनी आहे."

"पण मूळ प्रमाणपत्र आमच्याकडे आहे," मी कागद पुढे केला.

"मूळ म्हणजे स्कॅन. कागद ही त्याची प्रत." बाईंनी कागद न बघताच परत दिला. "दोन वर्षांनी या. सकाळी या, दुपारी सर्व्हर बंद असतो."

घरी आल्यावर केतकीनं बॅग भरली. लग्नाआधी दोन वर्षं मुलाच्या घरी राहणं त्यांच्याकडे चालत नव्हतं. "येते," ती दारात म्हणाली. "गॅस बंद करत जा तुम्ही." पाच वर्षांत तिनं मला पहिल्यांदा अहो-जाहो केलं. ती एसटीनं फलटणला वडिलांकडे निघून गेली.

मी तडक बरग्यांकडे गेलो. त्यांनी परतीचं पावतीपुस्तक उघडलं. सही करण्याआधी मी केतकीला फोन लावला.

"परत करतोय. पाच मिनिटांत सगळं होतं तसं."

"म्हणजे पाच मिनिटांत मी तुमची बायको?"

"हो!"

"मला विचारलंत?"

मी पेन खाली ठेवलं.

"परत केलात तर मी आपोआप बायको होईन," केतकी म्हणाल्या. "ठेवलात तर मला विचारावं लागेल. बाबांकडे दोन स्थळं आलीत. तिसरं तुमचं धरायला हरकत नाही. रविवारी या."

रविवार हा दहावा दिवस होता. मधले दिवस मी चौदा सेकंदांत संगणक सुरू करायचो आणि मोकळ्या प्लॉटमधली म्हैस बघत बसायचो. घर खायला उठलं होतं.

माझ्याकडे वडीलधारं कुणी नव्हतं, म्हणून रविवारी सोबत बरगे आले. या प्रकरणात आपली थोडी जबाबदारी आहे, असं त्यांना वाटत होतं. मुदत त्याच संध्याकाळी संपणार असल्यामुळे पावतीपुस्तकही त्यांनी बरोबर घेतलं होतं.

केतकीचे वडील हणमंतराव जगदाळे एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. पाच दिवाळ्या मी त्यांच्याकडे जेवलो होतो. त्यांनी मला नाव, गाव, शिक्षण विचारलं.

"मागच्या खेपंला आम्ही चौकशी केली नव्हती," ते म्हणाले. "आता करतोय. मुलाला व्यसन?"

"सवलतीचं आहे थोडं," बरगे म्हणाले.

"ते आमच्या कानावर आलंय."

केतकी पोहे घेऊन आल्या. पोह्यात खोबरं माझ्या आवडीप्रमाणे कमी होतं, पण त्यावरून काही समजायला त्यांच्या चेहऱ्यावर जागा नव्हती. मग हणमंतराव म्हणाले, "मुलामुलीला दहा मिनिटं बोलू द्या," आणि आम्हाला गच्चीवर पाठवलं.

याच गच्चीवर मागच्या वेळी मी दहा मिनिटं संगणकाबद्दल बोललो होतो. यावेळी संगणकाचं नाव काढलं नाही.

"तुम्हाला काय हवंय?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "इथल्या शाळेत चित्रकला शिकवायची जागा आहे. दोन वर्षांसाठी. लग्न ठरलं तेव्हा हीच जागा सोडली होती. कुणी सोड म्हणालं नव्हतं, पण घे असंही कुणी म्हणालं नव्हतं."

"घ्या."

"मग मी इथं राहणार. मला भेटायचं तर तुम्हाला यावं लागेल."

"दर रविवारी येईन."

"बाकीची दोन स्थळंही रविवारी रिकामी असतात."

खालून बरग्यांची हाक आली, "सहाला पाच कमी आहेत! परतीची पावती फाडू का?"

आम्ही दोघंही कठड्याशी उभे होतो. मला केतकी हव्या होत्या, इतक्या की पाय जिन्याकडे वळले. एक सही, आणि रात्रीच्या जेवणाला त्या घरी असत्या.

"मी अजून हो म्हणालेले नाही," त्या म्हणाल्या.

"माहिती आहे."

"मुदत संपली की सही करूनही उपयोग नाही."

"तेही माहिती आहे." मी वाकून खाली सांगितलं, "नको!"

बरग्यांनी सहा वाजेपर्यंत वाट पाहिली. मग मुदत संपल्याचं त्यांनी अंगणातून मोठ्यांदा जाहीर केलं आणि हणमंतरावांनी आपल्या घड्याळात बघून त्याला दुजोरा दिला. लग्न झालेलं नव्हतं, आणि आता ते मागे वळून करताही येणार नव्हतं.

केतकींनी ओढणी सारखी केली आणि माझ्याकडे वळल्या.

"तुमचं नाव काय म्हणालात?"

"निरंजन पिसाळ."

त्यांनी ते एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं. तेवढ्यात खालून हणमंतरावांनी विचारलं, पाहुण्यांना अजून चहा टाकायचा का.

"टाका," केतकी म्हणाल्या. "यांना साखर कमी."