अंगठा लागत नाय

धोंडुबाईला साखर निघाली ती रोह्यात. पायाची जखम भरेना म्हणून ती दाखवायला गेली होती. डॉक्टर पथ्य सांगत होता आणि हिला एकच काळजी लागली होती, की आता दिशाला चहा कसला द्यायचा.

दिशा म्हणजे बँकेची मुलगी. धोंडुबाईचा एक पाय लहानपणापासून अधू, त्याचे तिला सरकारकडून पैसे मिळतात. दर महिन्याला दिशा स्कूटीवरून अंगठ्याचं यंत्र घेऊन कासूजवळच्या तिच्या वाडीवर घरपोच यायची. अंगठा लागला की पैसे हातात. पण धोंडुबाईचा जन्म गेला मिठागरात, बोटांच्या रेषा मिठानं खाल्लेल्या. यंत्र मांडीवर स्वतःकडे वळवून दिशा म्हणायची, "लागत नाय आजी. जरा वेळानं बघू." तो जरा वेळ चहा आणि गप्पा करत पार दुपारपर्यंत लांबायचा, मग कुठे अंगठा एकदाचा लागायचा. एरवी त्या घरात बोलायला माणूस नव्हतं. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, आणि शेजारी सगळे मोबाइलात. म्हणून दिशा यायच्या दिवशी धोंडुबाई सकाळीच अंगठ्यावर खडेमीठ चोळून ठेवायची. चुकून लागला म्हणजे आली का पंचाईत.

साखरेचं ऐकून शेजारचा निकेश म्हणाला, "काकी, हे सरकारला कळवलंस?"

"माझी साखर सरकारला कशाला?"

"असं कसं? एका आजाराचे पैसे घेतेस नि दुसरा लपवतेस. उद्या कळलं तर ती बँकवाली यायची बंद व्हईल."

निकेशला यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण तो बोलायचा असा की समोरच्याला वाटावं हा आत्ताच कचेरीतून आलाय. पैशाविना धोंडुबाईने कसंही भागवलं असतं, दिशाविना नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं रिपोर्ट घेतला, अंगठ्याला मीठ चोळलं, आणि गाडीनं पेण गाठलं. कचेरीत अमोल नावाचा भला कारकून होता.

"आजी, पायाची नोंद आहे. साखरेला इथे जागा नाही."

"मग कडेला लिहा. उद्या म्हनाल म्हातारीनं लपवलं."

"कुणी म्हणणार नाही."

"तसं लिहून द्या."

अमोलने कपाळाला हात लावला. मग त्याचं लक्ष तिच्या काठीकडे गेलं. "एकट्याच आलात?"

"व्हय. टेसनापास्नं चालत," धोंडुबाई ऐटीत म्हणाली.

"मग घरपोच सेवा कशाला लागते तुम्हाला? ती अंथरुणावरच्या माणसांसाठी असते."

घ्या. खरं सांगायला म्हणून बाई चालत आली, आणि चालत आली हेच अंगाशी आलं. तिनं घाईनं ठेवणीतलं काढलं. "सायब, माझा अंगठा लागत नाय. मिठागरातला हात हाय."

"लावा बघू," म्हणत अमोलने टेबलावरचं यंत्र पुढे केलं.

तिनं मिठाचा अंगठा निर्धास्त दाबला. यंत्र टुंग वाजलं, हिरवा दिवा लागला.

"लागला की."

"परत बघा."

परत लागला. दुसऱ्या हाताचाही लागला.

"झकास हात आहेत, आजी. पुढच्या महिन्यापासून इथेच या."

परतीच्या गाडीत ती अंगठा निरखत बसली. मिठागर सुटून किती वर्षं झाली, रेषा कधीच परत उगवल्या होत्या. मग दिशाकडेच तेवढा लगेच का लागत नव्हता? कासू आलं तेव्हा तिला आठवलं. दिशाचा नवरा रोह्याला कंपनीत, रात्री शिफ्ट, दिवसा झोप. "खोलीत मी भिंतींशी बोलते, आजी," पोर एकदा हसत म्हणाली होती. धोंडुबाईला भरून आलं. आणि आपणच जाऊन हे सगळं बंद करून आलो, म्हणून स्वतःचा भयंकर रागही आला.

पुढच्या महिन्यात ती पेणला गेली नाही. नेहमीच्या दिवशी उगाच दारात बसून राहिली. आणि स्कूटी आली.

"पेणवरनं फोन होता, आजी. म्हणे तुमचा अंगठा लागतो." दिशा खाली बघत होती.

"मग तू काय म्हनालीस गो?"

"म्हटलं, चुकून लागला असेल. मी एकदा बघून सांगते."

तिनं यंत्र काढलं. आज ते स्वतःकडे वळवलं नाही, दोघींच्या मध्ये ठेवलं. धोंडुबाईने आज मीठ लावलं नव्हतं. तिनं अंगठा टेकवला. यंत्र टुंग वाजलं. हिरवा दिवा दोघींनी बघितला.

"लागत नाय गो," धोंडुबाई म्हणाली.

दिशाने यंत्र चटईवर पालथं घातलं. "नाय लागत. जरा वेळानं बघू."

"बिनसाखरेचा चालंल ना चाय?"

"मला तसाच आवडतो," आजवर तीन चमचे साखर घेत आलेली दिशा म्हणाली. पहिल्या घोटाला तिचं तोंड कडू झालं. मग तिनं आणखी अर्धा कप मागितला.