उत्स्फूर्त शब्दाचा अर्ज

"ऐनवेळी सुचायचं असेल तर आठ दिवस आधी लेखी कळवावं लागतं," अध्यक्ष म्हणाले. "नियम आहे."

"कुणाचा?" मी विचारलं.

"मंडळाचा."

"आणि आठ दिवस आधी सुचलं तर ते ऐनवेळी कसं काय?"

"ह्याला गप्प बसवा," अध्यक्ष काकाला म्हणाले. काकाने माझ्या मांडीला चिमटा काढला आणि निमूट अर्ज मागितला.

भांडण कशावरून ते सांगतो. 'बघू पुढचं पुढे' नावाचा एक पॉडकास्ट आहे. त्यात तिघं जण असतात. लांब्या, बुटकी आणि घोगऱ्या. लिहून आणलेलं काही नसतं. ऐकणाऱ्यांपैकी कुणीतरी एक शब्द फेकतो आणि त्याच्यावरून हे तिघं तासभर तोंडाला येईल ते नाटक करतात. एक म्हणाला मी डॉक्टर, की दुसऱ्याने लगेच आजारी पडायचं. नाही म्हणायचं नाही, एवढा एकच कायदा.

माझा काका लिफ्ट दुरुस्त करतो. लिफ्ट ज्या अंधाऱ्या विहिरीतून वरखाली जाते तिच्यात वीस वर्षं लटकतोय. काकू सांगते, आधी हा माणूस एकदाच हसला होता, लग्नाच्या फोटोत, तेही फोटोग्राफरने दोनदा सांगितल्यावर. मग कुणीतरी त्याच्या कानात हा पॉडकास्ट घातला. आता तीनशे बारा भाग पाठ आहेत. आत लटकून एवढा खिदळतो की एका बिल्डिंगच्या सेक्रेटरीने नोटीस लावली : 'लिफ्ट हसते. संबंधितांनी नोंद घ्यावी.' दोन म्हाताऱ्यांनी घाबरून जिना धरला. त्यांचे गुडघे सुधारले, त्याबद्दल काकाला कुणी धन्यवाद दिले नाहीत.

तर हे तिघं आमच्याकडे येणार होते. स्टेजवर, प्रत्यक्ष. समोरच्या लोकांतून एकच शब्द घेणार होते. काकाचा शब्द तयार होता.

"काउंटरवेट."

"ते काय असतं?" काकूने विचारलं.

"लिफ्टच्या पाठीमागे लोखंडाचा ढीग असतो. लिफ्ट वर गेली की तो खाली येतो. अख्खी बिल्डिंग त्याच्या जिवावर वर चढते आणि एकानेही त्याचं तोंड बघितलेलं नसतं." काकाने कानातला इअरफोन काढला. "त्यांनी एकदा त्याच्यावर तासभर बोलावं. बस्स."

काकूची सुरी भाजीवरच थांबली. तिने नवऱ्याकडे नीट बघितलं. "मग ओरडा की," ती म्हणाली. "आयुष्यभर पुटपुटलात, एकदा ओरडा."

पण मध्ये कार्यक्रम ठेवणारं श्रोता मंडळ होतं. सदस्य एकोणचाळीस, पदाधिकारी एकतीस, उरलेले आठ नाराज. दुसऱ्या कुठल्या तरी गावात एकजण 'मूळव्याध' असं ओरडला होता आणि त्या तिघांनी खरंच तासभर मूळव्याध केली होती. आपल्या गावाची अशी शोभा नको, म्हणून मंडळाने 'उत्स्फूर्त शब्द छाननी समिती' नेमली.

अर्ज मी भरला. काकाचं अक्षर त्याचं त्यालाच लागत नाही. 'शब्द सुचण्याचे कारण.' 'यापूर्वी काही सुचले होते काय? असल्यास पुढे काय झाले?' 'सुचतेवेळी अर्जदार बसलेला होता की उभा?' काकाने 'लटकलेला' लिहायला लावलं. ते खोडून पुन्हा नवा अर्ज मागवला गेला.

समितीपुढे बाकीचे शब्दही होते. 'छत्री' गेला, कारण रेनकोटवाल्यांना वाईट वाटेल. 'टक्कल' गेला, कारण खजिनदार हजर होते. 'सोमवार' जवळजवळ पास झाला होता, पण मग मंगळवारने काय घोडं मारलंय, असं कुणीतरी म्हणालं. काकाचा नंबर आला.

"शब्द तांत्रिक आहे," समिती म्हणाली. "नमुना जोडा."

"साहेब, ते आठशे किलोचं असतं."

"मग दोन प्रती नकोत. एक चालेल."

शेवटी फोटोवर भागलं. पण शब्द लिफ्टचा, म्हणून लिफ्ट कंपनीचं ना हरकत पत्र आणा. काका तीन वेळा अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेला. कंपनीतला माणूस म्हणे, "ओरडायला पत्र? आमच्याकडे लोक परवानगी न घेताच ओरडतात." तरी काकाने पत्र आणलं, वर गोल शिक्का. सगळे कागद सुतळीने बांधून समितीसमोर ठेवले.

समितीने ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. मग अध्यक्षांनी चष्मा काढला.

"तुम्ही पंधरा दिवस ह्या शब्दाच्या मागे लागलाय. म्हणजे हे पूर्वनियोजित झालं. मंडळ असली उत्स्फूर्तता खपवून घेणार नाही. नामंजूर."

माझं टाळकं सटकलं. "अहो, तुम्हीच पळवलंत ना त्याला पंधरा दिवस!"

"बस रे," काका म्हणाला. "त्यांचंही बरोबर आहे."

इथेच माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं.

शब्द ठरला 'इत्यादी'. एकमताने, कारण ह्याने नक्की कोण दुखावेल ते कुणालाच सांगता येईना. ओरडण्याचा मान खजिनदारांच्या साडूला. मग तालमी. गैरहजर राहील त्याचं तिकीट रद्द, म्हणून काका तिन्ही दिवस गेला. सचिव लांब्या व्हायचे आणि म्हणायचे, "एक शब्द द्या!" साडू उठायचा, "इत्यादी!"

"पुन्हा," अध्यक्ष खेकसायचे. "चेहऱ्यावर आश्चर्य कुठंय? तुम्हाला आत्ताच सुचलंय ना? आणि चौथी रांग, तुम्ही फार लवकर हसताय. आधी दुसरी हसेल."

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल गच्च. तिघं स्टेजवर आले. लांब्या पुढे झाला. "चला, एक शब्द द्या!"

साडू उठला. तोंड उघडलं आणि आतून फक्त हवा आली. तालमींनी घसा बसला होता.

समोर चारशे माणसं. लांब्या हसला. "अहो, कुठलाही शब्द! मनात येईल तो!" चारशे माणसांनी अध्यक्षांकडे बघितलं. अध्यक्ष फाइल चाळत होते. ह्या प्रसंगाचं कलम त्यांना सापडत नव्हतं.

मी काकाला कोपर मारलं. "काका, आता. ओरड."

काकूने त्याची बाही धरली होती, ती सोडली. काका उभा राहिला. लांब्याने बोट केलं, "हां काका, बोला. तुमचाच घेतो."

आईशप्पथ, काकाच्या ओठांवर तो 'का' आलेला मी डोळ्यांनी बघितला. तो माझ्याकडे बघत होता. मग त्याची नजर पहिल्या रांगेतल्या अध्यक्षांकडे गेली.

"इत्यादी," काका म्हणाला.

चेहऱ्यावर आश्चर्य अगदी पाहिजे तसं होतं. दुसरी रांग हसली, मग चौथी. तिघांनी तासभर धमाल केली म्हणतात. कशावर, ते कुणाला आठवत नाही. घरी येताना काकू आमच्या पुढे दहा पावलं चालत होती.

काकाने गावाची लाज राखली म्हणून त्याचा सत्कार झाला. आता छाननी समितीचा प्रमुख तोच आहे. परवा बेकरीतली एक बाई 'खमीर' हा शब्द घेऊन आली. सांगत होती, सगळं जग झोपलेलं असताना ते पिठात एकटं फुगत असतं. बोलताना तिचे डोळे चमकत होते. काकाने शांतपणे ऐकून घेतलं. "तुमची भावना पोचली," तो म्हणाला. "पुढच्या वेळी बघू."

मी घरी त्याच्याशी भांडलो. तो म्हणाला, "तुला नाही कळायचं. सगळ्यांना घेऊन चालावं लागतं."

आणि तुम्ही, वाचणारे. तुम्ही म्हणत असाल, त्याच्या जागी मी असतो तर ओरडलो असतो. हो का? मागच्या महिन्यात ऑफिसात साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "कुणाला काही बोलायचंय?" तेव्हा तुम्ही पेनाचं टोपण काढलंत आणि परत लावलंत. दोनदा. मग घरी येऊन बायकोला दीड तास ऐकवलंत, काय बोलणार होतात ते. ती बिचारी...

जाऊ दे. मला आता निघायला पाहिजे.