दुसऱ्या टाकीचा सत्कार

चाकूरहून किनवटला जायला रस्ता आहे. त्याचे काम चालू असल्यामुळे मणक्याचा आजार असलेल्यांना तो वापरता येत नाही, एवढीच अडचण आहे. बाकीच्यांना मणक्याचा आजार होईपर्यंत वापरता येतो.

लक्ष्मम्मांना तो आधीच झालेला होता. वय शहात्तर. डॉक्टरांनी एसटी, जीप आणि रिक्षा तिन्ही बंद केल्या होत्या. त्यांची धाकटी बहीण नीलम्मा किनवटला दम्याने खाटेला खिळलेली, आणि दोघींची पाच वर्षांत भेट नाही. लक्ष्मम्मांचा मुलगा शिवमूर्ती शेतातल्या पंपांच्या मोटारी दुरुस्त करतो. रस्ता होण्याची त्याने दोन पावसाळे वाट पाहिली. मग बसून अंदाज काढला, तेव्हा रस्त्यापेक्षा विमान लवकर होईल असे दिसले. अंदाज बरोबर निघाला. सव्वीस महिन्यांत जुन्या कारचे इंजिन, ॲल्युमिनियमचे पाइप आणि कापड यांचे दोन खुर्च्यांचे विमान तयार झाले, आणि बसलिंगप्पांच्या पडीक रानातून ते चार वेळा उडून चारही वेळा नीट खाली आले. रस्ता अजून आहे तिथेच आहे.

फक्त टाकी लहान पडली. हिशेबाने बावीस लिटरमध्ये विमान वाटेतल्या उमरीच्या थोडे पुढे गेले असते, आणि किनवट तिथून जवळजवळ तेवढेच लांब. मध्ये उमरीला उतरून पेट्रोल घ्यावे, तर कॅनमध्ये पेट्रोल देत नाहीत, गाडीच पंपावर आणावी लागते. आणि भर बाजारात पंपासमोर विमान उतरवणे शिवमूर्तीला बरे दिसेना. तेव्हा त्याने खुर्चीमागे अठरा लिटरची दुसरी टाकी बसवली, पंख काढले, विमान ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढवले आणि चुलतभाऊ राजशेखरच्या पंपावर नेले.

"दादा, एक टाकी भरून देतो," राजशेखर म्हणाला. "दुसरीला कागद लागतंय."

"कुणाचा कागद?"

"ते मला काय ठाव? पण लागतंय. उद्या कुणी इचारलं तर माझा पंप बंद व्हायचा."

इथपर्यंत हा घरगुती मामला होता. इथून पुढे समिती आली.

मी हणमंतराव, निवृत्त मुख्याध्यापक आणि तालुका गुणगौरव समितीचा अध्यक्ष. तालुक्यात कुठेही गुण आढळला की त्याचा गौरव झाल्याशिवाय तो सुटता कामा नये, असे आमचे धोरण आहे. शिवमूर्ती माझा जुना विद्यार्थी. त्याचा अर्ज मीच लिहून दिला आणि मीच त्याला घेऊन तालुक्याच्या एका कार्यालयात गेलो.

साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. विमानाची नोंद त्यांच्याकडे सापडली. मागच्या गणेशोत्सवात शेड गळायला लागली म्हणून शिवमूर्तीने विमान मंडळाच्या मंडपात ठेवले होते, आणि देखाव्यांच्या स्पर्धेत त्याला दुसरा क्रमांक मिळाला होता. पहिला थर्माकोलच्या किल्ल्याला गेला.

"कागदोपत्री हा देखावा आहे," साहेब म्हणाले. "देखाव्याला पेट्रोल कशाला पाहिजे?"

"उडवायला," शिवमूर्ती म्हणाला. "अव्वाला किनवटला न्यायचंय. मावशीचं काही खरं न्हाई, साहेब."

"एक टाकी असती तर हौस म्हणून सोडून दिलं असतं. दोन टाक्या म्हणजे इरादा दिसतो." साहेब थोडा वेळ गंभीर झाले. मग त्यांनी कपाटातून शाल काढली. "पण आपल्या मातीतल्या माणसानं विमान केलं, याचा अभिमान वाटतो."

सही करायला वरिष्ठांची मंजुरी लागते, शाल घालायला लागत नाही. शिवमूर्ती अर्ज घेऊन गेला होता. तो शाल, श्रीफळ आणि अर्ज घेऊन परत आला.

मग अर्ज लातूरला गेला. लातूरच्या कार्यालयाने कळवले की विमान उतरणार नांदेड जिल्ह्यात, तेव्हा विषय नांदेडचा. नांदेडचे म्हणणे पडले की विमान उडणार लातूर जिल्ह्यातून, तेव्हा विषय लातूरचा. दोन्ही कार्यालये मनाने मोठी. लातूरने त्याचा उड्डाणाबद्दल सत्कार केला, नांदेडने उतरण्याबद्दल. सात आठवड्यांत अकरा सत्कार झाले. प्रत्येक ठिकाणी विमान ट्रॉलीवरून न्यावे लागे, त्यामुळे त्याचे रस्त्याने पुष्कळ फिरणे झाले.

तिसऱ्या सत्कारानंतर शिवमूर्ती माझ्याकडे आला.

"गुरुजी, एक सुचून राहिलंय. माझ्या मोटारसायकलची टाकी दोनदा फुल करतो अन् नळी लावून इमानात सोडतो. उद्या सकाळीच अव्वाला घेऊन निघतो."

मी त्याला समोर बसवले. "शिवमूर्ती, शाल घेतलीस ना? आता चोरून उडालास तर ज्यांनी शाल घातली त्यांनी तोंड कुठं लपवायचं? सत्कारमूर्तीला असं शोभत नाही."

त्याने नळीचा बेत सोडला. खरे सांगायचे तर त्यालाही ते पटले असावे, कारण सहाव्या सत्काराला तो फेटा घरूनच बांधून आला.

नीलम्मांचा फोन रोज सकाळी येई. लक्ष्मम्मांना कमी ऐकू येते म्हणून तो मोठ्याने लावलेला असे, आणि शेजारी राहत असल्याने मलाही ऐकू येई. "अक्का, वरनं येनार म्हनलीस. मी खाट अंगणात टाकायला लावलीय. वरच बघून राहिले. कालच्याला एक घार आली, मला वाटलं तूच." लक्ष्मम्मा म्हणत, "येते गं. कागद यायलाय." मला हे ऐकवत नसे. मी खिडकी लावून घेई.

समितीने आता नेट लावायचे ठरवले आणि नांदेडला दुसऱ्या टाकीचा लोकार्पण सोहळा ठेवला. टाकी रिकामी होती, पण फीत भरपूर होती. प्रमुख पाहुण्यांच्या हातात नारळ देण्यात आला. सभागृहात सगळीकडे गुळगुळीत फरशी, दगड कुठेच नाही. पाहुणे क्षणभर घोटाळले आणि त्यांनी नारळ टाकीवरच आपटला. तो पहिल्याच फटक्यात फुटला, हा शुभशकुन मानण्यात आला. टाकीही फुटली. शिवमूर्तीने ती रात्रंदिवस खपून जोडली. परंतु मूळ अर्जातल्या टाकीला वेल्डिंग नव्हते आणि या टाकीला होते, म्हणून नवा अर्ज करावा लागला.

बाराव्या आठवड्यात कागद आला. "सदर देखाव्यास दुसरी टाकी बसविण्यास या कार्यालयाची हरकत नाही. मात्र सदर टाकी कायमस्वरूपी रिकामी ठेवण्यात यावी." आम्ही त्याला लॅमिनेशन करून घेतले.

चार दिवसांनी किनवटहून फोन आला. तो नीलम्मांचा नव्हता. नीलम्मा अंगणातच गेल्या, खाटेवर उताण्या.

समितीपुढे दोन विषय होते. नीलम्मांची शोकसभा घ्यायची होती आणि लक्ष्मम्मांना आदर्श माता पुरस्कार द्यायचा होता. मंडप एकच असल्याने दोन्ही एकत्र घेतले. अलोट गर्दी झाली. दोन मिनिटे स्तब्ध उभे राहून सगळे खाली बसले, मी लक्ष्मम्मांना शाल घातली आणि दोन शब्द बोलायची विनंती केली.

लक्ष्मम्मा मुलाच्या खांद्याला धरून उभ्या राहिल्या.

"मला बोलाया येत न्हाई," त्या म्हणाल्या. "येताना गाड्या मोजीत आले. बाहीर तीनशे फटफट्या हायत. मागच्या येळेला बी इतक्याच होत्या. समद्या पेट्रोलवर चालत्यात. एकेकानं चहाच्या कपाएवढं काढून दिलं असतं, तर टाकी भरली असती. कप तर तुमच्या हातातच होते." मग त्यांनी शिवमूर्तीकडे बघितले. "ह्याच्या गाडीत बी होतं. पर ह्याला फेटा लई गोड लागला. माझी धाकटी वर बघत बघत गेली. तिला काय सांगू, कागद यायलाय म्हनून?"

शाल त्यांनी काढून खुर्चीवर ठेवली आणि त्या काठी टेकत मंडपाबाहेर गेल्या. शिवमूर्ती फेटा सोडायला लागला. तो इतका घट्ट बांधला होता की लवकर सुटेना, आणि तो लहान मुलासारखा रडायला लागला.

मंडपात कोणी हलेना. अशा वेळी अध्यक्षाची जबाबदारी असते. मी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनी वाजवली. इतके परखड भाषण आमच्या तालुक्यात बरेच दिवस झाले नव्हते. नंतर बाहेर तीनशे गाड्या एकदम सुरू झाल्या. माझी पहिल्याच किकला सुरू झाली. टाकी सकाळीच फुल केली होती.

विमान आता गावाच्या वेशीवर चौथऱ्यावर उभे आहे. लोक फोटो काढतात.

हे वाचून आपण हळहळला असाल, तर समिती आपली ऋणी आहे. हळहळणाऱ्या वाचकांचाही यथोचित सत्कार करण्याचे ठरले असून यादीत आपले नाव घातले आहे. कार्यक्रमाला आपापल्या गाडीवर यावे. पार्किंगची सोय आहे, आणि टाकी भरलेली असली तरी काळजी नसावी. पेट्रोल कोणी मागत नाही.