सुषमा बसून जेवणार

"यंदाच्या पार्टीत मी बसून जेवणार," सुषमाने जाहीर केलं, आणि विकासचा चहा कपातून बशीत आला.

"म्हणजे? एरवी काय उभ्याने जेवतेस?"

"एरवी ओट्यापाशी, पातेलं खरवडून. तेही थंडगार. तुमचे पाहुणे बडीशेप चघळायला लागले की मग माझा नंबर."

विकासला ही बातमी नवीनच होती. मुलीचं बारसं झालं, अंबरनाथ पश्चिमेला हा फ्लॅट घेतला तेव्हाचं जेवण झालं, त्याच्या बढतीची पार्टी झाली. प्रत्येक वेळी तो पोटभर जेवला होता आणि प्रत्येक वेळी सुषमाही जेवलीच असणार असं त्याने धरून चाललं होतं. नवरे बऱ्याच गोष्टी धरून चालतात, त्यातली ही एक.

सुषमाच्या डोक्यात हे खूळ शिरलं ते उल्हासनगरात. तिथे दातांच्या एका दवाखान्यात ती रिसेप्शनला बसते. पेशंट आत आ वासून पडले की बाहेर हिला फुरसत. अशाच एका फुरसतीत मोबाइलवर एक बाई तिला समजावून सांगत होती, की पार्टी म्हणजे टेन्शन नव्हे. जेवण बाहेरून मागवा, ताटं कागदाची आणा, सगळं टेबलावर मांडून मोकळ्या व्हा. ज्याने त्याने आपापलं वाढून घ्यावं आणि यजमानीणबाईंनीही मजा करावी. सुषमाला हे इतकं पटलं, की पुढच्या पेशंटला तिने हसून आत पाठवलं. दातांच्या दवाखान्यात असं हसू कोणाला परवडतं? तो बिचारा जास्तच घाबरला.

शेजारच्या मायाताईंना मात्र हे काही पटेना. "सुषमा, घरची बाई स्वतःच्या पार्टीत गरम गरम बसून जेवली, हे मी अजून डोळ्यांनी बघितलं नाहीये."

"मग पंचवीस तारखेला या आणि बघा!"

झालं. आता हा नुसता बेत राहिला नाही, सुषमाच्या इज्जतीचा सवाल झाला.

नाताळची सुट्टी होती, मुलगी आजोळी गेली होती. पण विकासच्या कंपनीला सुट्टी ठाऊकच नाही. एमआयडीसीतला केमिकलचा कारखाना तो, यंत्रं चालूच राहतात, माणसं पाळ्यांनी बदलतात. विकासची त्या दिवशी साप्ताहिक सुट्टी होती, एवढंच नशीब. बोलवायचे होते त्याच्या खात्यातले चौघं, त्यात दोघं सकाळच्या पाळीला आणि दोघं दुपारच्या. सुषमाने त्यावरही तोड काढली.

"राजेशभाऊ आणि मुकेशभाऊ दुपारी तीनला ड्युटीवर जाणार ना? त्यांना आधी जेवायला बोलवू. सोमाभाऊ आणि अनंताभाऊ तीनला सुटणार, ते सुटले की थेट इकडे. दोन बॅच! ना गर्दी, ना गडबड."

"काय डोकं चालतं गं तुझं!" विकास म्हणाला. आयुष्य पाळ्यांत घालवलेल्या माणसाला यात काहीतरी खटकायला हवं होतं. पण त्या क्षणी तो मटण किती सांगायचं याचा विचार करत होता.

पंचवीस तारीख उजाडली आणि सुषमाचे पाय जमिनीवर ठरेनात. जेवणाच्या ऑर्डरी घेणाऱ्या मोरिवलीच्या गयाबाईंकडून मटणाचं पातेलं आलं, तांदळाच्या भाकऱ्या आल्या, भात आला. वास असा सुटला, की वरच्या मजल्यावरचे लोक उगीचच जिना उतरून चढून गेले. सुषमाने टेबल मांडलं, नवी साडी नेसली आणि खुर्चीत बसून पाहिलं. बसता येत होतं! मायाताई तर वेळेच्या आधीच येऊन सोफ्यावर ठाण मांडून बसल्या होत्या, साक्षीदार म्हणून.

राजेश आला, सोबत त्याची बायको रुचिका. पाठोपाठ मुकेश आला, "क्या बात है वहिनी, गेटपासून वास येतोय!" करत.

"चला, घ्या सगळ्यांनी आपापलं वाढून," सुषमा म्हणाली.

"हो हो, घेतो ना," सगळे म्हणाले आणि कोणीही हललं नाही.

"राजेशभाऊ, घ्या."

"आधी मुकेशला घेऊ दे."

"मी? नाही रे, तू सीनियर आहेस."

"मायाताई, तुम्ही तरी."

"मी काय बाई, घरचीच आहे. पाहुण्यांना आधी."

मोबाइलवरच्या बाईला आपल्याकडचे पाहुणे कुठून माहीत असणार? आपल्याकडे पहिला डाव स्वतःच्या हाताने पातेल्यात घालणारा माणूस अजून जन्माला यायचाय. भाकऱ्या निवू लागल्या, तशी सुषमाला राहवेना. "बरं, पहिलं मी वाढते," म्हणून ती उठली आणि तिथेच फसली. पहिलं वाढलं तिने दुसरंही वाढावं, हे ओघानेच आलं. "वहिनी, थोडा रस्सा." "वहिनी, भाकरी संपली वाटतं." नको नको म्हणत ताटावर हात आडवे धरायचे, आणि बोटांत वाढण्यापुरती फट ठेवायची. रुचिका तर म्हणाली, "तुमच्या हातचं वाढलेलं किती गोड लागतं हो!" सुषमा फिरत राहिली. तिचं स्वतःचं ताट कोरंच्या कोरं राहिलं.

"काय गं, बसतेयस ना?" मायाताईंनी नळी चोखत विचारलं.

"दुसऱ्या बॅचला बसते," सुषमा दात आवळून म्हणाली.

म्हणजे आता सगळी भिस्त सोमा आणि अनंतावर. ते आले की बसायचंच, मग आभाळ कोसळलं तरी उठायचं नाही. फक्त पहिली बॅच वेळेत निघायला हवी होती. पण राजेशने मटणावर भात, भातावर गुलाबजाम असं रचलं होतं; तो 'जरा पाठ टेकतो' म्हणून आत गेला आणि थोड्याच वेळात घोरू लागला. मुकेशला कॅरम सापडला. समोर विकास.

सुषमाने विकासला स्वयंपाकघरात खेचलं. "अहो, त्यांना ड्युटीची आठवण करा ना."

"पाहुण्याला ऊठ म्हणू? आपल्या घरातून? जन्मभर कंपनीत ऐकवतील मला."

तरी त्याने बाहेर येऊन घसा खाकरला. "काय मग मुकेश, आज ड्युटी आहे ना?"

"है ना यार! म्हणून तर एन्जॉय करून घेतोय. बस, ही क्वीन घेतो और निकलता हूं."

क्वीन काही जाईना. तीन वाजून गेले आणि विकासचा फोन वाजला. पलीकडे सोमा होता, आणि तो एवढ्या जोरात बोलत होता की सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

"आरं विकास, तो राजेश कुठं मेला? त्याच्याबिगर मला मशीन सोडता येतंय का? आणि मुकेश नाही म्हणून हा अनंतापण अडकलाय! तुझ्याकडं जेवायचं म्हणून आम्ही डबे पण नाही आणले रं!"

आता कुठे विकासच्या डोक्यात उजेड पडला. पुढच्या पाळीचा माणूस येऊन उभा राहत नाही, तोवर आधीच्याने जागा सोडायची नाही, हा कंपनीचा नियम. आणि यांनी बॅच अशा पाडल्या होत्या, की पहिली उठल्याशिवाय दुसरी येऊच शकत नव्हती. सुषमाने कपाळावर हात मारून घेतला.

"आता तरी उठवा राजेशभाऊंना!"

"झोपू द्या ना हो," रुचिका कळवळून म्हणाली. "आठवडाभर धड झोप नाही त्यांना."

त्यापुढे विकासची काय टाप? त्याने बाइकची किल्ली उचलली. "मी जातो पटकन. राजेशच्या जागी उभा राहतो, सोमाला सोडतो."

"अहो, आज तुमची सुट्टी आहे!"

"म्हणूनच तर जमतंय," म्हणत यजमान आपलीच पार्टी सोडून कामावर गेले. "तू हो पुढे, ही क्वीन घेतली की आलोच," म्हणत मुकेश एकटाच खेळत राहिला.

थोड्या वेळाने त्याचा फोन. "सुषमा, घोळ झालाय. सोमा सुटला, पण तो अनंताला सोडून यायला तयार नाही. म्हणतो, दोस्त उपाशी आणि मी मटण खाऊ? म्हणजे आता आम्ही तिघंही इथेच. तू मटण झाकून ठेव."

सुषमाने फोन ठेवला. समोर मायाताई बडीशेप चघळत होत्या. रुचिका म्हणत होती, "वहिनी, चहा टाकताय का? जरा आलं घाला." आत घोरणं, बाहेर सोंगट्यांची टकटक, आणि टेबलावर आपलं ते कोरं ताट. भुकेल्या सुषमाच्या डोक्यात तिडीक गेली. झाकून ठेव म्हणे!

तिने गॅलरीतून रिक्षाला हाक मारली. मग आतल्या खोलीत जाऊन राजेशच्या तोंडावर चक्क पाणी मारलं.

"आं? आग लागली?"

"हो, लागलीय. चपला घाला!"

मुकेशच्या समोरून तिने कॅरमच उचलला. "वहिनी, क्वीन!" तो ओरडला. "क्वीन तुमची झाली, चला!" त्या आवाजापुढे तो स्ट्रायकर हातात घेऊनच खाली उतरला. रिक्षात दोन्ही बाजूंना दोन पाहुणे, मध्ये सुषमा, मांडीवर मटणाचं पातेलं, पायाशी भाकऱ्यांची टोपली. खड्डा आला की तिघंही आधी पातेलं धरत होते.

कंपनीच्या गेटवर वॉचमनने रिक्षा अडवली. "मॅडम, काय आहे?"

"दोन माणसं आणि एक पातेलं. माणसं आत घ्या, पातेलं माझं आहे."

राजेश आणि मुकेश मुकाट्याने आत पळाले. आतून विकास, सोमा आणि अनंता बाहेर आले, तेव्हा गेटला लागूनच असलेल्या कँटीनमध्ये तिथल्या संतोषने सुषमाच्या सांगण्यावरून शेगडी पेटवलीही होती. जेवणाची वेळ उलटून गेल्यामुळे कँटीन रिकामंच होतं. पातेलं चढलं आणि रश्श्याला पुन्हा उकळी फुटली. संतोष तव्यावर भाकऱ्या शेकू लागला. सवयीने सुषमा डाव घ्यायला पुढे झाली, तर संतोषने तिला हटकलं. "मॅडम, कँटीनमध्ये वाढायचं काम माझं. तुम्ही बसा."

बसा! हा शब्द इतका गोड असतो, हे सुषमाला आजच कळलं. सोमाने खुर्ची ओढून दिली, अनंताने पाण्याचा ग्लास ठेवला, विकासने गुपचूप आपल्या ताटातली नळी तिच्या ताटात सरकवली. तिने वाफाळती भाकरी मोडली, रश्श्यात बुडवली आणि तोंडात घातली. जीभ पोळली. सुषमाला इतका आनंद झाला, की डोळ्यांत पाणीच आलं.

"तिखट झालं का हो वहिनी?" अनंताने विचारलं.

"नाही हो. गरम आहे."

एवढ्यात तिचा फोन वाजला. मायाताई होत्या. "अगं, कुठे गायब झालीस? इथे आम्ही केव्हाच्या चहासाठी ताटकळलोय! घरात पार्टी आणि घरची बाईच नाही, काय म्हणायचं याला?"

"दूध फ्रिजमध्ये आहे मायाताई, आलं खालच्या टोपलीत," तोंडातला घास सांभाळत सुषमा म्हणाली. "ठेवते हं, मी पार्टीला आलेय."

आणि तिने ताट संतोषपुढे केलं.