प्रश्नाचं शेपूट

"इंग्रजीला घाबरतो कोण? मी तर इंग्रजीत भांडतोसुद्धा!" काकांनी शेठपुढे छातीवर हात मारला आणि स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

काका गाद्यांच्या दुकानातले सर्वांत जुने सेल्समन. शेठच्या नव्या शोरूमला मॅनेजर हवा होता, आणि दुसऱ्याच दिवशी एक परदेशी जोडपं अख्ख्या बंगल्याच्या गाद्या घ्यायला येणार होतं.

"सौदा जमवा, काका, खुर्ची तुमची. फसला, तर गोदामात बसून धूळ झटका!"

संध्याकाळी लेकीने शिकवणी घेतली. ती कॉलेजात इंग्रजी शिकवायची.

"बाबा, ‘लुकिंग फॉर’ म्हणजे शोधणं, ‘लुकिंग ॲट’ म्हणजे बघणं. प्रश्नाचं शेपूट चुकलं की सगळं मुसळ केरात!"

"हात्तिच्या! आपले ‘ला’, ‘वर’, ‘शी’ असतात तसेच की!"

"आपले शब्दाला चिकटून बसतात हो. हे प्रश्नाच्या टोकाला एकटेच लोंबकळतात. म्हणून निसटतात!"

काकांनी रात्रभर घोकलं. सकाळी फॉर, ॲट, ऑन, विथ सगळे डोक्यात हजर होते, पण धुवून आलेल्या मोज्यांसारखे. जोडी एकाचीही लागेना!

जोडपं आलं. बाई उंच, हसतमुख. नवरा मोबाइलमध्ये बुडालेला. तो एका गादीपाशी थांबला, तशी काकांनी झेप घेतली. "व्हॉट आर यू लुकिंग ॲट?"

नवरा दचकून मागे सरला. कॅशवरची मुलगी कुजबुजली, "काका, ‘काय बघतोस रे?’ असं झालं ते! मारामारी करायचीय का?"

काकांना दरदरून घाम फुटला. आता गादी सिंगल की डबल, एवढं तरी विचारू! सोबत कोण झोपतं ते कळलं की झालं.

"सर, हू डू यू स्लीप ऑन?"

बाई खो खो हसत सुटल्या.

"अहो, कुणाच्या अंगावर झोपता, असं विचारलंत!" मुलीने कपाळावर हात मारला.

"सॉरी, सॉरी! विथ! सर, हू डू यू स्लीप विथ?"

या वेळी व्याकरण अगदी चोख होतं. बाईंचं हसू मात्र थांबलं. त्या नवऱ्याकडे वळल्या. नवऱ्याचा चेहरा गादीच्या खोळीसारखा पांढराफटक! नेमका तेव्हाच त्याचा मोबाइल वाजला आणि त्याने तो घाईघाईने खिशात कोंबला.

मग बाईंनी जे प्रश्न विचारले, त्यातलं एकही शेपूट चुकलं नाही. कुणाशी बोलतोस, कुणाबरोबर गेला होतास, कुणासाठी एवढा नटतोस! काका शरमेने गाद्यांच्या चळतीमागे दडले. जोडपं भांडतच बाहेर पडलं.

काका त्याच दुपारी गोदामात पोचले.

दुसऱ्या दिवशी बाई एकट्याच आल्या. कापसाने माखलेल्या काकांचा हात घट्ट धरून बराच वेळ बोलल्या. डोळे ओले होते.

"तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं म्हणतायत," कॅशवरच्या मुलीने हळूच सांगितलं. "इतकी वर्षं त्यांना तो विचारायचा धीर होत नव्हता. आणि गादी हवीय. सिंगल. एकच."

बाई गेल्यावर शेठ डोकं धरून बसले. "अख्खा बंगला गेला हो काका! निदान नवऱ्यालाही एक गादी हवी का, एवढं तरी विचारायचंत!"

"विचारणारच होतो, शेठ," काका केविलवाणं म्हणाले, "पण ‘हजबंड’ला ‘फॉर’ लावायचं की ‘विदाउट’, तेच कळेना!"