लाडू अज्जाला उचलायचं कुणी?

म्हातारं माणूस सांभाळायची अक्कल आमच्या वाडीत कुणालाच न्हाई, ह्ये सरकारनं येऊन सांगितलं तवा आमाला कळलं. तंवर आमी आपलं सांभाळतच हुतो.

आमची वाडी अणशीच्या अलीकडं, रानात. वाडीत सगळ्यांत म्हातारा लाडू अज्जा. पाय गेलेले, जीभ शाबूत. पोरबाळ न्हाई, म्हणून अख्ख्या वाडीचा. सकाळी शेजारची काशी त्याला पेज भरवायची, वाडीतला तरणा झिलू पाठीवर घालून उन्हात न्हेऊन ठेवायचा, ऊन कललं की वाटंनं जाईल त्यो उचलून आत टाकायचा. अज्जाला हौस एकच. शिमग्याला मांडावर, म्हंजे आमच्या देवाच्या अंगणात, ढोलावर पयली थाप मारायचा मान सगळ्यांत म्हाताऱ्याचा. ती पडल्याबिगर ना सोंगं निघत, ना कोण नाचत. वरीसभर अज्जा त्या थापेसाठनं पेज गिळायचा.

आमचा मुलूख मुंबईकडनं म्हैसूर राज्यात गेला त्याच्या मागनं, शिमगा तोंडावर असताना, कुळगीकडनं लाकडाच्या ट्रकातनं बाबुराव सायब उतरले. हुद्दा येवढा लांब की सांगता सांगता त्यास्नी धाप लागली. वृद्धसेवक गुणवत्ता व दर्जा सुधार अधिकारी.

त्या वक्ताला काशी पेज भरवत हुती. "गीळ रं मुडद्या! काल निम्मी अंगावर सांडलीस."

"तुजी पेज म्हंजे भांडी धुतल्यालं पाणी," अज्जा म्हणाला. "तोंडात ऱ्हातंय व्हय?"

दोघंबी खदखदून हसली. सायब हसले न्हाईत.

"बाई, आपण प्रशिक्षित आहात का?"

"न्हाई वो. मी काशी."

तंवर झिलूनं येऊन अज्जाला पाठीवर टाकलं. सायबांनी डोळंच मिटलं. "थांबा! ते वृद्ध आहेत, पोतं नव्हे!"

"पोतं बरं वो सायब," झिलू म्हणाला. "पोतं तंबाखू खाऊन मानंवर थुकत न्हाई."

झालं. सायबांनी तितंच हुकूम सोडला. अप्रशिक्षित हाताने वृद्धास स्पर्श करणे आजपासून बंद.

"मग अज्जाला आत कोण न्हेणार?" काशीनं इचारलं.

"प्रशिक्षण पूर्ण होताच नेण्यात येईल."

अज्जा शिव्या देत, ढुंगणावर सरकत, आपला आपण आत गेला. काशीनं लांब वेळूच्या काठीला करवंटी बांधली आणि उंबऱ्याबाहीरनं त्याला पेज पोचवाय लागली. काठीला हुकूम लागू न्हवता. निम्मी पेज नाकात जायची, निम्मी मांजराला.

दुसऱ्या दिशी शिक्षान सुरू. शिकायला नमुन्याचा म्हातारा पायजे. अज्जाला तपासलं आणि काडून टाकलं. त्यो हसतो, तंबाखू मागतो, उलटून बोलतो. सायब म्हणाले, "नमुना वृद्ध शांत आणि कृतज्ञ असावा." असला म्हातारा आमच्या तर काय, शेजारच्या वाडीतबी न्हवता. म्हणून सायब सोताच खाटंवर आडवं झालं.

मग काय! आमी सगळ्यांनी मिळून सायबास्नी उचललं, ठेवलं, कुशीवर वळवलं. पायास्नी खोबरेल चोळलं. तांदळाच्या कण्यांची कण्हेरी भरवली. सायब शांत हुते. कृतज्ञबी हुते. शिक्षान लवकर सपवायचं हुतं, खरं सायबांचं म्हातारपण काय सपंना. काशीनं इचारलं, "सायब, उठताय न्हवं?" तर म्हणाले, "पाठीचा सराव कच्चा आहे. पुन्हा एकदा."

शेवटाला परीक्षा झाली. सायबांनी काशीला इचारलं, "वृद्ध हट्ट करू लागल्यास काय कराल?"

"मीबी हट्ट करते."

नापास! आता हिनं अज्जाला कधीच शिवायचं न्हाई. झिलू मातूर चांगला पास झाला. त्यो नाचतच अज्जाच्या दारात आला. "चल अज्जा, उन्हात!"

"हात लावू नका!" सायब ओरडले. "आपण आता दर्जाप्राप्त आहात. दर्जाप्राप्त माणसानं ओझी वाहायची नसतात. आपण देखरेख करायची."

म्हंजे बगा, पास झालं त्ये सगळे मुकादम, आणि नापास झालं त्यांस्नी शिवायला बंदी. निम्मी वाडी हाताची घडी घालून देखरेख कराय लागली, निम्मी हात मागं बांधून उभी. मदी अज्जा.

शिमग्याचा दिवस आला. सोंगं रंगून बसली, मांडावर ढोल गप. वाडी अज्जाच्या दारात गोळा झाली. सायबांनी सगळ्यांवरनं नजर फिरवली आणि खुशीत म्हणाले, "देखरेखीला माणसं भरपूर आहेत. उचलायला कुणी नाही, एवढीच अडचण. वर कळवतो. पुढच्या शिमग्यापर्यंत मंजुरी येईल."

अज्जाचं डोळं भरलं. म्हणाला, "पुडचा शिमगा तुजा रं सायबा. माजा ह्योच."

काशी पदर तोंडात कोंबून उभी. मग अज्जानं नाक पुसलं.

"सायबा, येक सांग. मेलेल्याला उचलायला पास व्हाया लागतंय?"

सायबांनी लई इचार केला. "नाही. मयत आमच्या कक्षेत येत नाही."

"मग मी मेलो," अज्जा म्हणाला, आणि आडवा झाला.

काशीनं असा हंबरडा फोडला की कुत्री पळाली. "अज्जा रंऽऽ! आता माज्या लुगड्यावर पेज कोण सांडंल रंऽऽ!" झिलूनं वेळू तोडलं, बगता बगता तिरडी बांधली.

"अहो, ते श्वास घेतायत!" सायब म्हणाले.

"मेलेली माणसं काय काय करत्यात, त्ये तुमास्नी काय ठावं?" काशी डोळं पुसत म्हणाली. "तुमी जित्त्यांचं शिकलाय."

पास खांदे, नापास खांदे, सगळे तिरडीला भिडले. सायबांनी टोपी काडली आणि खाली मान घालून मागनं चालाय लागले. वाटंत तिरडीवरनं आवाज आला, "झिलू, डावीकडं कलतंय रं."

"मेलेल्यानं बोलू न्हाई, अज्जा."

मांडावर तिरडी टेकली, आणि मयत उठून बसलं. दोन्ही हात वर घेऊन अशी थाप मारली की रानातली माकडं झाडं सोडून पळाली! ढोल घुमाय लागले, सोंगं सुटली. कुणी तरी सायबांच्या तोंडाला शेंदूर फासून त्यांस्नी रिंगणात वडलं. सायब बरं नाचत्यात. पाठ चांगलीच मोकळी झाली हुती.

सकाळी अज्जानं पेज मागितली आणि नवाच घोर पडला. जिता झाला तर हात लावता येत न्हाई. म्हणून त्यो मेलेलाच ऱ्हायला. लई वर्सं मेलेला हुता, लई मजेत. रोज तिरडीवरनं उन्हात यायचा, पेजंला नावं ठेवायचा, काशीच्या शिव्या खायचा. सायबांनी वर लिवलं, या वाडीत सेवेची गरज असलेला एकही वृद्ध शिल्लक नाही, दर्जा सर्वोत्तम. वरनं सायबांस्नी शाल आली. आजूबाजूच्या वाड्यांतली म्हातारी आमालाबी मारा म्हणून पोरांच्या मागं लागली.

हसताय व्हय? हसा. खरं, तुमच्या घरातल्या म्हाताऱ्याला आज उन्हात कुणी न्हेऊन बसवलं, त्येवढं बगून या. खांदा द्यायला तुमी समदी पास हाय, त्याची मला काळजी न्हाई.