चाळीस पावलांचा रूळ

काशिनाथबाबांनी मला पहिल्यांदा धरलं, तेव्हा मी बुटाची नाडी बांधत होतो. त्यांनी मागून कॉलर पकडली आणि विचारलं, "कोनी पाठवला तुला?"

मी म्हटलं, "आईनं. रॉकेल आणायला."

"मग वाकलास कनाला?"

आम्ही नांदेडकडचे, भाईंदरला नुकतेच आलो होतो. वडील स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशच्या कामाला होते आणि मी घरातला कॉलेजात गेलेला पहिलाच. पहिला असल्यामुळे कुठेही गेलो तरी आपलंच काहीतरी चुकतंय असं मला वाटायचं. त्या दिवशी दुसरी नाडी सुटलेलीच ठेवून मी निघालो.

नंतर कळलं की नाडी बांधायला मी ज्यावर पाय ठेवला होता तो रूळ होता. पूर्वी मिठागरांपासून स्टेशनच्या यार्डापर्यंत मिठाच्या वाघिणी नेणारी एक लाइन होती. ती बंद पडली. रूळ उखडून नेले, लाइनीच्या जागी गल्ली झाली, गल्लीत दुकानं आणि चार मजली इमारती आल्या. उरला होता एवढाच तुकडा, काशिनाथबाबांच्या दारापासून जयंतीभाईंच्या किराणा दुकानापर्यंत. चाळीस पावलं. मातीतून बोटभर वर आलेला.

बाबा त्या लाइनीवर चावीवाले होते. चावीवाला म्हणजे आपल्या हद्दीतले रूळ रोज बघत चालणारा आणि सैल झालेली लोखंडी चावी हातोड्यानं ठोकून घट्ट बसवणारा माणूस. नोकरीभर काय सैल झालंय हेच शोधत गेल्यावर माणसांकडेही तसंच बघायची सवय लागत असावी. हा माझा अंदाज आहे, मी मानसशास्त्र शिकलेलो नाही.

लाइन गेली, नोकरी संपली, तरी बाबा रोज सकाळी साडेसहाला हातोडा घेऊन तो रूळ ठोकत जायचे. वरच्या मजल्यावरून कोणीतरी ओरडायचं, "काका, संडे है आज!"

"चोराला संडे असतो काय?"

भंगारवाला गल्लीत शिरला की बाबा त्याच्या मागे चालत आणि गल्लीबाहेर सोडूनच परत येत. मतदारयादीवाले आले तर त्यांच्या पिशव्यांत करवत आहे का ते बघत. एकदा आइस्क्रीमवाल्यानं गाडी रुळाला टेकवून उभी केली, तर बाबांनी खाली वाकून चाकं तपासली. जयंतीभाई हसायचे. "काका, चालीस कदम का लोहा कौन खाएगा?"

"खानारा सांगून खातो काय?"

कॉलेजच्या वार्षिक अंकात आपल्या भागावर लेख द्यायचा होता, म्हणून मी धीर करून वही घेऊन त्यांच्याकडे गेलो. विचारलं, "बाबा, लाइन कुठून वळायची?"

"बिल्डरनं पाठवला ना तुला?"

मी तीन दिवस गेलो. तिन्ही दिवशी त्यांनी लाइन वेगवेगळ्या ठिकाणी वळवली. मी तिन्ही वळणं प्रामाणिकपणे लिहून घेतली. तिन्ही खोटी निघाली.

मग एक दिवस रुळावर पांढऱ्या रंगाची फुली दिसली. गल्लीचा सिमेंटचा रस्ता होणार होता. त्याच दिवशी बाबा पहिल्यांदा आमच्या दारात आले. "ए कॉलेज, अर्ज लिवतोस?"

मी लिहिला. त्यांनी तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. मग जयंतीभाईंकडे नेऊन त्यांच्याकडूनही वाचून घेतला, मी वाचलं तेच कागदावर आहे का ते बघायला. जयंतीभाई मराठी अडखळत वाचायचे. ते जिथे जिथे अडले, तिथे तिथे बाबांनी माझ्याकडे रोखून बघितलं.

"बाबा, रूळ का ठेवावा ते कारण लिहायचं राहिलंय," मी म्हटलं.

"कारन न्हाय लिवायचा."

"त्याशिवाय अर्ज घेत नाहीत."

 मग माझा दंड धरून त्यांनी मला समोरच्या इमारतीच्या पायरीवर बसवलं. "बस. आनि तोंड उघडू नको."

थोड्या वेळानं त्यांची बायको जनाबाई पिशवी घेऊन बाहेर आल्या. उजव्या चपलेची कड रुळाला लावली आणि मान वर करून झपझप चालू लागल्या. रूळ संपला तिथे वळल्या. "जयंतीभाई, अर्धा किलो साकर." हे मी रोज बघत होतो.

"तिला दिसत न्हाय," बाबा कुजबुजले. "तिला वाटतंय, मना ठाव न्हाय. समाजला तं मी तिला घरात बसवीन, असा वाटतंय तिला. डोल्यांच्या शिबिराचा नाव काढला तं दोन दिवस बोलत न्हाय."

 गल्लीतल्या प्रत्येकावर डोळा ठेवणारा हा माणूस घरात काहीच दिसत नसल्यासारखा राहत होता.

"मग तसंच लिहू का?"

"येडा झालास? गल्लीभर व्हईल." त्यांनी रुळाकडे बघितलं. "लिव. अर्जदार आंधला हाय. रुलाला पाय लावून चालतो."

"बाबा, हे खोटं आहे."

"खोटा मी बोलतोय. तू निस्ता लिव."

आठ दिवसांनी रस्त्याच्या खात्यातले दोघं पाहणीला आले. बाबांनी डोळे मिटले, रुळाला पाय लावला आणि चालू लागले. तेवढ्यात मागून भंगारवाल्याची हातगाडी खडखडत आली. बाबांच्या कपाळावरची शीर टम्म फुगली, पण डोळे मिटलेलेच राहिले. ते दोघं "बघू" म्हणून गेले. बाबा आंधळे झाले ही बातमी मात्र दुपारपर्यंत गल्लीभर झाली.

ती जनाबाईंच्याही कानावर गेली. दुसऱ्या दिवशी त्या पिशवी घेऊन निघाल्या, तेव्हा बाबांचा हात त्यांच्या हातात होता.

"दिसत न्हाय तं सांगायचा ना मना! एवडं दिस एकटं फिरताव!"

"चुकला माजा," बाबा म्हणाले.

"सांबालून. पुडं खड्डा हाय."

खड्डा नव्हता. बाबांनी पाय उचलून मोठं पाऊल टाकलं.

मग रोजच ती दोघं तशी जाऊ लागली. बाबांनी कोणाला अडवणं सोडून दिलं. आंधळ्या माणसाला ते शोभलं नसतं.

अर्जाचा उपयोग झाला नाही. दिवाळीनंतर मजूर आले आणि त्यांनी रूळ कापायला घेतला. मी धावत गेलो. पलीकडून बाबा आणि जनाबाई हातात हात घालून येत होते. ठिणग्या उडत होत्या, रुळालगत खणलेलं होतं.

जनाबाई थांबल्या. "कसला आवाज हो?"

बाबांनी त्या कापलेल्या लोखंडाकडे डोळे भरून बघितलं. "मना कुठं दिसतंय? तूच सांग."

त्यांनी कान दिला. "रस्ता करतान वाटतं. चला, मी हाय ना." आणि त्या पुढे निघाल्या. बाबांनी कोपरानं त्यांना किंचित डावीकडे घेतलं.